लांबड्या एझ्राची कबर

उभे दगड एकोणीस. पडलेले सात. मधोमध दुभंगलेले तीन. त्यांचे तुकडे सहा असले तरी आर्डिथ लिंडग्रेन त्यांना तीनच धरी. लाकडी खुणांचे बुंधे चार. त्यातला एक कालच्या जाळात गेला होता, पण खूण गेली म्हणून खालचं माणूस कुठे जात नाही, तेव्हा तोही धरायचा. दगड नाही, बुंधा नाही, नुसती जमीन बशीसारखी खचलेली, अशा जागा अकरा. दंताळ्याच्या दांड्याने ती एकेका जागेला टोचत गेली आणि टोकाशी पोचल्यावर पुन्हा उलट मोजत आली. दोन्ही वेळा चव्वेचाळीस. सगळ्यांचे पाय पूर्वेला.

आणि तारेच्या कुंपणाबाहेर, उत्तर-दक्षिण पडलेली, एक.

एप्रिलमध्ये गवत जाळल्यावरचे आठ-दहा दिवस सोडले, तर बेथानी चर्चची ही दफनभूमी अशी उघडी कधी दिसत नसे. एरवी माळावरचं गवत खांद्याला लागे आणि दगड शोधायचे तर पायाने चाचपावे लागत. या चार गुंठ्यांवर कधीच नांगर चालला नव्हता. बाकी क्षितिजापर्यंत सगळी मक्याची जमीन, ऑक्स नावाच्या शेतकऱ्याची. चर्च १९१२ सालीच ओंडक्यांवर चढवून गावात नेलं होतं, रेल्वे तिकडे आली म्हणून. मेलेल्यांना कोणी नेलं नाही.

पिकअप कुंपणाशी येऊन थांबला. खिडकीतून डेलबर्टचं डोकं बाहेर आलं.

"किती भरले?"

"तेवढेच."

"म्हणजे रात्रीतून कोणी पळालं नाही."

डेलबर्ट खाली उतरला. गावातलं पशुखाद्याचं दुकान त्याचं, आणि दर ऑगस्टला भरणाऱ्या एझ्राच्या जत्रेचा प्रमुखही तोच. त्याने थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून तिच्यापुढे धरली. वारा इतका होता की कॉफीवर लगेच राखेचे दोन कण येऊन बसले. आर्डिथने ते बोटाने काढले आणि प्यायली.

"ती राज्याच्या पुरातत्त्व खात्याची पोरगी नऊला येईल," तो म्हणाला. "तुला काय करायचं ते माहीत आहे ना?"

"कुंपणाचं दार उघडायचं."

"चेष्टा नको, आर्डिथ. काल काउंटीच्या बैठकीत काय झालं ते सांगतो. एझ्राच्या कबरीची राज्याकडे नोंद झाली, तर हा रस्ता त्यांना ठेवावाच लागणार. दरवर्षी खडी टाकून. नाही झाली, तर एक जुलैपासून रस्ता बंद. ऑक्सनं फवाऱ्याचे पाइप आणूनसुद्धा ठेवलेत. तुझ्या ऑर्विलच्या चारी बाजूंनी मका."

"ऑर्विलला मका चालेल. आयुष्यभर त्यानं तेच बघितलं."

"आणि तुला? रस्ता नाही म्हणजे नवं दफन नाही. तसं लिहिलंच आहे ठरावात."

तिसऱ्या रांगेत राखाडी ग्रॅनाइटचा जोडदगड होता, सगळ्यांत नवा. डावीकडे तिचा नवरा ऑर्विल, १९०३ ते १९६८. उजवीकडे आर्डिथ, १९०६, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे गुळगुळीत दगड. ऑर्विल गेला तेव्हा तिने स्वतःच सांगून कोरून घेतलं होतं. नंतर पोरांना त्रास नको. गेली नऊ वर्षं तिथलं गवत कापताना ती स्वतःच्या जागेवरून पाय उचलून जात असे.

"हायवेजवळच्या नव्या दफनभूमीत जागा आहेत म्हणा," डेलबर्ट म्हणाला. "नळ आहे. सावलीला बाक आहे."

"आणि रात्रभर ट्रक."

"मेल्यावर कोण ऐकतंय?"

"मी."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "तेच म्हणतोय मी. त्या पोरीला तिथे मोठा माणूस सापडला पाहिजे. सहा फूट चार इंच सापडला तर मी गावजेवण घालतो." त्याने कुंपणाबाहेरच्या पाटीकडे हनुवटी उडवली. पाटी त्यानेच रंगवलेली होती. "बिचाऱ्यानं जिवंतपणी गावाचे सतरा घोडे नेले. मेल्यावर एक रस्ता तरी द्यावा."

एझ्रा टलची गोष्ट केटल क्रीक गावात पोरांना चालण्याआधी येत असे. १८८३ साली वस्तीवाल्यांनी त्याला घोडे चोरताना पकडलं. फाशी द्यायला मैलोन् मैल एक झाड नव्हतं, म्हणून त्यांनी घोडागाडीची दांडी वर उभी केली आणि तिला दोर बांधला. पण एझ्रा इतका उंच की त्याचे पाय जमिनीला टेकले. मग त्यांनी त्याच्या पायाखालची जमीन खणली, आणि तो खणणाऱ्यांना म्हणाला, जरा डावीकडे घ्या रे, तिथे माती मऊ आहे. जत्रेत हे वाक्य आलं की सगळं गाव टाळ्या वाजवी. त्याला देवाच्या माणसांमध्ये पुरणं शक्यच नव्हतं. म्हणून कुंपणाबाहेर, आणि आडवा, शेवटच्या न्यायाच्या सकाळी उठला तर सूर्याकडे तोंड असू नये असा. फाशीच्या माणसाला आडवंच पुरतात, हे इथे कोणी कोणाला शिकवावं लागत नसे. कुंपणातून बाहेर पडताना त्या कबरीवर थुंकायचं, हेही नाही.

*

राज्याकडून आलेल्या मुलीचं नाव मार्लिस पॉस्पिशिल होतं. सत्तावीस-अठ्ठावीसची असावी. पुरुषी बूट, डोक्याला रुमाल, आणि हातात आडव्या मुठीची पोलादी सळई, छातीएवढी उंच. डेलबर्टने तिला एझ्राची सगळी गोष्ट डावीकडच्या मऊ मातीसकट ऐकवली, तिच्याशी दोनदा हात मिळवला आणि दुकान उघडायचं म्हणून गेला.

"पॉस्पिशिल म्हणजे बोहेमियातले, चेक," आर्डिथ म्हणाली.

"हो. आजी अजून तळघरात बिअर बनवते."

"आमच्या चर्चमध्ये ते पाप होतं."

"सांगते आजीला. खूश होईल."

मार्लिस आधी कुंपणाच्या आत हिंडली. दगड वाचले, रांगांची दिशा होकायंत्रावर घेतली. जोडदगडापाशी ती थोडी जास्त वेळ उभी राहिली, मग वळून आर्डिथकडे पाहिलं आणि पुढे गेली. नंतर तारेखालून वाकून बाहेर आली आणि कबरीच्या दक्षिणेच्या टोकाशी गुडघ्यावर बसली.

"मी खणणार नाहीये, मिसेस लिंडग्रेन. तेवढी काळजी करू नका. ही सळई फक्त खाली दाबायची. जी जमीन कधी खणलेलीच नाही ती कडक लागते. एकदा खणून भरलेली असेल तर शंभर वर्षांनीसुद्धा मऊ लागते. कडक कुठे संपतं आणि मऊ कुठे सुरू होतं, तिथे झेंडी."

"आणि आत कोण आहे ते?"

"ते सळईला कळत नाही. कबर मोठ्या माणसाची आहे, एवढं दिसलं तरी पुरे. बाकी गोष्ट गावाची. खात्याला तेवढं चालतं."

ती मुठीवर पूर्ण वजन टाकून सळई दाबू लागली. वीतभर आत गेली की ओढून काढायची, चार बोटं सरकवायची, पुन्हा दाबायची. दक्षिणेची कड लगेच लागली. तिथे तारेच्या काडीवरची नारिंगी झेंडी उभी राहिली आणि वाऱ्यात फडफडू लागली. मग पश्चिमेची. मग पूर्वेची. आर्डिथ दंताळं टेकून बघत होती. समोरासमोरच्या झेंड्या तिला फार जवळ जवळ वाटल्या.

"अरुंद आहे," मार्लिस म्हणाली. "काटकुळा होता का?"

"लोक म्हणतात, दाराच्या फटीतून आत यायचा."

"मग असेल."

कबरीवरची राख वाऱ्याने उडून गेली होती आणि जळलेल्या गवताच्या मुळांत अडकलेली बिअरच्या बाटल्यांची बुचं उघडी पडली होती. जत्रेच्या रात्री पोरं इथे येत. एकाने आडवं झोपायचं आणि बाकीच्यांनी त्याचे पाय पाटीपर्यंत पोचतात का बघायचं. आर्डिथचे दोन्ही मुलगे इथे झोपले होते. मोठ्याने घरी येऊन सांगितलं होतं, माझे पोचले.

"इथे कोणी येतं का?" मार्लिसने विचारलं. "म्हणजे जत्रेशिवाय. फुलं घेऊन वगैरे?"

"माझी सासू यायची. हुल्डा." आर्डिथने दंताळं कुंपणाला टेकवलं. "फुलं नाही आणायची. मे महिन्यात कबरी सजवायच्या दिवशी आम्ही सगळे डबे भरभरून पिओनीची फुलं आणायचो. ती सगळ्यांच्या डोक्याशी ठेवायची, आणि मग एकटीच तारेखालून इकडे यायची, मोकळ्या हातानं."

"का?"

"गाव म्हणायचं, तिचं आणि एझ्राचं होतं. लग्नाआधी. ती १८८२ ला स्वीडनहून आली, वीस वर्षांची. तो ८३ ला लटकला. बसतं हिशेबात."

"आणि ती काय म्हणायची?"

"काही नाही. एकदा दुकानात डेलबर्टच्या बापानं विचारलं, काय हुल्डा, एझ्राचा काही निरोप? ती म्हणाली, आहे ना, तुझा घोडा आवडला नाही म्हणत होता, म्हणून ठेवून गेला."

मार्लिस मोठ्याने हसली. सळई हातात तशीच राहिली.

"मला मारलं होतं तिनं," आर्डिथ म्हणाली. "इथेच. माझं नुकतं लग्न झालेलं. सगळे बाहेर पडताना थुंकत होते, मीही थुंकले. अख्ख्या मंडळींसमोर तिनं माझ्या थोबाडीत दिली. पासष्ट वर्षांची बाई. त्याआधी नाही आणि नंतर वीस वर्षं एका घरात राहिलो, कधी हात उगारला नाही. ऑर्विल म्हणाला, म्हातारीचं अजून आहे त्याच्यावर."

हे सांगताना तिचा हात गालाकडे गेला नाही. तो कोटाच्या खिशात होता आणि तिथेच राहिला.

मार्लिस पुन्हा कामाला लागली. ती आता उत्तरेकडे सरकत होती, आणि तिची चाल मंदावली. एका जागी सळई दाबता दाबता एकदम खाली गेली आणि ती पुढे झोकांडली. तिने माती हाताने बाजूला केली. काळ्या गवताखाली बशीएवढं भोक होतं.

"बॅजर," आर्डिथ म्हणाली. "दोन हिवाळे बीळ खणून होता इथे. मी दगड टाकून बुजवलं."

"वाटच लावलीय त्यानं." मार्लिसने भोकाच्या पलीकडे दाबून पाहिलं, आणखी पलीकडे, मग बाजूला. "मऊ. मऊ. हे त्याचं की कबरीचं, कळत नाही. इथून कड असू शकते." तिने जवळची जागा दाखवली. मग ती उठून चार पावलं चालली. "किंवा पार इथे. बॅजर इथपर्यंत गेलेला आहे."

दोन्ही जागांमध्ये आर्डिथ उभी होती.

"आडवी आहे म्हणजे फाशीचीच," ती म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"सगळेच."

मार्लिसने खांदे उडवले. "कुंपण कधीचं?"

"अठराशे नव्वदच्या सुमाराचं. चर्च बांधलं तेव्हाचं. आधी काही नव्हतं इथे. लिंडग्रेनांचं पहिलं मातीचं घर होतं तिकडे, उताराला." तिने हात केला. उतारावर ऑक्सच्या शेतात मागच्या वर्षीची मक्याची धसकटं होती.

"मग ही कबर कुंपणाच्या आधीची असेल तर तिला आत-बाहेर कुठलं? ज्यानं खणली त्यानं उतार बघून खणली. दिशा, रांगा, हे सगळं मंडळी जमल्यावर येतं. मी अशा सात-आठ पाहिल्यात." ती हे सहज बोलून गेली. मातीने भरलेली नखं ती सळईच्या टोकाने साफ करत होती.

आर्डिथ उताराकडे पाहत होती.

हुल्डा इथे येऊन काय करते, हे तिने लांबून कैकदा पाहिलं होतं. ती बसायची. हातांनी कडेचं गवत उपटायची, आधी एका बाजूचं, मग दुसऱ्या. मग दोन्ही तळव्यांनी कडेची माती, पांघरूण खोचावं तशी, आत आत दाबत यायची, खालपासून वरपर्यंत, आणि वर पोचली की उठायची. वर पोचायला तिला फार वेळ लागत नसे. आर्डिथला तेव्हा वाटायचं, म्हातारीला पुढे सरकवत नाही, म्हणून अर्ध्यावरच सोडते.

आणि एकदा, पुष्कळ नंतर, भांडी विसळताना आर्डिथने विचारलंच होतं: गाव काहीबाही बोलतं, तुम्ही त्यांना गप्प का करत नाही? हुल्डाने हातातली बशी पुसून ठेवली, दुसरी घेतली. म्हणाली, "एझ्रा टलच्या कबरीवर नांगर घालायची हिंमत या काउंटीत आहे का कोणात?" आर्डिथला तो अभिमान वाटला होता. रात्री ते वाक्य तिने ऑर्विलला सांगितलं आणि दोघं उशीत तोंड खुपसून हसले.

"मिसेस लिंडग्रेन."

आर्डिथ वळली.

"मी तुमचं नाव पाहिलं मघाशी, दगडावर," मार्लिस म्हणाली. "रस्त्याचंही ऐकलंय. डेलबर्टसाहेबांनी फोनवर तीनदा सांगितलं." ती थोडी घुटमळली. "बॅजरमुळे मला उत्तरेची कड नक्की सांगता येत नाही. हे खोटं नाही. पण आकडा लिहावा लागतो. तुम्ही पन्नास वर्षं या मातीत हात घालताय. ही सळई घ्या. तिरकी घातलीत तर बिळाच्या खालपर्यंत जाते. तुम्हाला कड जिथे लागेल तिथे झेंडी लावा. मी तोवर ट्रकमधून टेप आणते."

"तुझा टेप तुझ्या पट्ट्याला लटकलाय."

"तो लहान आहे," मार्लिस म्हणाली, आणि रस्त्याकडे चालू लागली. तिने मागे वळून पाहिलं नाही. ट्रकचं मागचं फळकूट पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही.

आर्डिथने सळई घेतली. थंड होती, आणि वाटली होती त्यापेक्षा हलकी. आधी ती पलीकडच्या जागी गेली, चार पावलांवरच्या. तिथे उभं राहून तिने दक्षिणेच्या झेंडीकडे पाहिलं. मधे एक उंच माणूस आरामात मावला असता. इथून ऑर्विलचा दगड कुंपणाच्या तारांमधून दिसत होता, आणि त्याच्या उजवीकडची मोकळी जागाही.

तिने सळई तिरकी घातली. बिळाच्या भुसभुशीत मातीतून ती घसरत गेली आणि हातभर खाली ठक्कन थांबली. तिने वजन टाकलं. सळई हलली नाही. ती एक पाऊल मागे आली. ठक्कन. आणखी एक. तळहाताला झिणझिण्या आल्या. पुन्हा मागे, पुन्हा तेच; वर बॅजरची माती, खाली कधीच कोणी न खणलेली जमीन.

मग एका ठिकाणी सळई थांबली नाही. लोण्यात सुरी जावी तशी आत गेली, आडवी मूठ गवताला टेकेपर्यंत.

आर्डिथ तशीच वाकून राहिली. नंतर तिने सळई हळूच, फिरवत फिरवत बाहेर काढली, टोक कोटाच्या बाहीला पुसलं आणि ती बाजूला ठेवली. गुडघ्यांवर बसायला तिला कुंपणाचा खांब धरावा लागला. मुळांत अडकलेलं एक बूच तिने नखाने उचकटलं आणि खिशात टाकलं. मग दुसरं. एक काचेचा तुकडा. गंजलेलं काडतूस. पुन्हा बूच. आपल्या हाताला लागतील तेवढी सगळी तिने काढली. खिसा जड होऊन कोट एका बाजूला ओढला गेला.

उरलेली झेंडी तिच्याजवळ गवतात पडली होती. तिने ती उचलली.

मार्लिस परत आली तेव्हा आर्डिथ उत्तरेच्या टोकाशी बसलेली होती आणि तिचा हात झेंडीच्या काडीवर होता. मार्लिसने झेंडी पाहिली. मग आर्डिथकडे पाहिलं.

"एकदा लिहिलं की मी बदलत नाही," ती हळू म्हणाली. "अजून लिहिलेलं नाही."

"टेप धर."

"जुलैनंतर..."

"धर म्हटलं ना, पोरी."

मार्लिस दक्षिणेच्या झेंडीशी बसली आणि टेपचं टोक काडीला लावून दाबून धरलं. टेप वाऱ्याने फुगला, थरथरला. आर्डिथने आपल्या बाजूने तो ताणून सरळ केला, जमिनीलगत आणला आणि चष्मा वर सरकवून वाकली.

"किती?" मार्लिसने विचारलं.

"तीन फूट चार इंच."